खापरपणजोबांचं नाव कुठे मिळेल? (मालवण तालुका, बजेट २००० रु.)

भांडुपचा_मालवणी: आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांच्या वडिलांचं नाव माहीत आहे, त्यापुढे काळोख. गावचं घर पडलंय, भावकीशी बोलणं नाही. वरच्या दोन पिढ्या तरी हव्यात. २००० च्या आत, फक्त शनिवार-रविवार. मोडी येत नाही.

रेल्वे_निवृत्त: आम्ही कुलवृत्तांतच छापला. आर्ट पेपर, रंगीत फोटो. घरटी पाच हजार काढले. कुलमंडळ स्थापन करा.

दप्तरदार: काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख आहे, थेट तिथे जा.

गिरणगावची_पोर: @दप्तरदार, ते शनिवार-रविवार म्हणालेत. सरकारी पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे. आणि तिथे मुख्यतः सरकारी पत्रव्यवहार. साध्या कुळाचं नाव खोताच्या एखाद्या तंट्यात आलं तर नशीब.
भांडुपकर, आधी मूळ आडनाव विचारून घ्या. मुंबईत आल्यावर कित्येकांनी गावावरून 'कर' लावलं, गावच्या कागदात परब, राणे, सावंत असतं. तुमच्या ग्रामस्थ मंडळाची खोली असेल तर वर्गणीच्या जुन्या वह्या बघा. फुकट.

खंयचो_तू: तुमचो गाव खंयचो? नाव सांगा, आमचेच निघशात.

माजी_तलाठी: वारस नोंदीचा फेरफार काढा. मयत आणि त्याचे वारस एकाच नोंदीत मिळतात. सातबारा घेऊन बसू नका, त्यावर आजचा मालक दिसतो. त्याआधीचं हवं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. बरंचसं मोडीत. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, म्हणून जुन्या कागदावर रत्नागिरीच दिसेल.

दप्तरदार: मीही अभिलेखच म्हणत होतो.

घाटावरचा: २०२३ च्या कुणबी नोंदींच्या मोहिमेत बरंच जुनं दप्तर स्कॅन झालं, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर बघा. आता त्या आरक्षणाचं सांगायचं तर

संचालक: ते इथे नको.

सुमनताई_दादर: नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ असते. आमच्या सात पिढ्या सापडल्या.

माजी_तलाठी: घरातलं कुणी तिथे गेलं असेल तरच. आणि दक्षिणेत तुमचे २००० संपले समजा.

रेल्वे_निवृत्त: डीएनए चाचणी करा. माझ्या मुलाने अमेरिकेत केली, सगळं कळलं.

गिरणगावची_पोर: खापरपणजोबांचं नाव कळलं का काका?

रेल्वे_निवृत्त: टक्केवारी कळली.

भांडुपचा_मालवणी: सगळ्यांचे आभार. आत्याला फोन केला. ती म्हणते, पणजीच्या अस्थी आजोबांनी रामकुंडावरच सोडल्या, म्हणजे वहीत नाव लिहिलं असणार. शनिवारी ठाण्याहून तपोवन पकडतोय. तहसीलला गणपतीत जाऊ.

माजी_तलाठी: गणपतीत कचेरीत कोण भेटतंय तुम्हाला? तुमची मर्जी.

खंयचो_तू: गाव सांगूक नाय अजून.

नवीन_सभासद: तलाठी साहेब, आमच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव लागलं नाही, काय करावं? अर्जंट.

माजी_तलाठी: वेगळा धागा काढा.