संशोधनाचे दार पीएचडीपूर्वीही उघडते
अर्थशास्त्राच्या केवळ पदवीच्या बळावर बँक किंवा विमा एवढेच पर्याय उरतात आणि पीएचडीशिवाय संशोधनात शिरकाव होत नाही, असे म्हटले जाते. यातला दुसरा भाग मला पटत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांना २०१९ मध्ये ज्या प्रयोगाधारित (गरिबीवरचे उपाय प्रत्यक्ष लोकांमध्ये करून पाहण्याच्या) अभ्यासपद्धतीसाठी नोबेल मिळाले, त्या पद्धतीच्या प्रकल्पांना प्रश्नावली तयार करण्यापासून सर्वेक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंतची कामे सांभाळणारे संशोधन सहायक सतत लागतात, आणि त्यांतल्या कित्येक जागांसाठी पदवी पुरते.

अशा कामात मी दोन वर्षे काढली आहेत. पहिल्याच महिन्यात कुटुंबांचे सरासरी उत्पन्न संशयास्पदरीत्या कमी येत होते. दोन दिवस सूत्रे तपासल्यावर लक्षात आले की, ‘माहीत नाही’ या उत्तरासाठी वापरलेला उणे ९९ हा संकेतांक संगणकाने उत्पन्न समजून सरासरीत धरला होता. ही चूक शोधायला पाठ्यपुस्तकातला सिद्धांत नव्हे, तर विदा (डेटा) ओळीओळीने वाचण्याची सवय उपयोगी पडली. (ती सवय परीक्षेच्या तयारीत लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.) म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी स्टाटा, आर किंवा पायथन यांपैकी विदा हाताळण्याचे एक संगणकीय साधन नीट शिकावे आणि संख्याशास्त्राचा एखादा जादा विषय घ्यावा. वेतन सुरुवातीला बेताचेच असते आणि नेमणूक बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते, याचा हिशेब मात्र आधीच केलेला बरा.