मदत हवी आहे: जंत पुन्हा पुन्हा होतायत

मुलगी सहा वर्षांची. रात्री झोपेत शी-च्या जागी खाजवत उठते, रडते. टॉर्च लावून पाहिलं तर पांढरे, दोऱ्यासारखे बारीक जंत. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ४०० मि.ग्रॅ.ची गोळी चावून खायला दिली. आठवडाभर शांत झोपली, महिन्याने परत तेच!

आता कळलं की गोळीने जंत मरतात, अंडी नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि तोही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा. आम्ही फक्त तिलाच दिली होती, तीही एकदाच. अंडी नखांत, चादरीवर राहतात म्हणे, त्यामुळे नखं कापली, चादरी गरम पाण्यात धुतल्या. तरी अंगठा चोखायची सवय काही सुटत नाही.

अडचण अशी की जाऊबाईंना तिसरा महिना चालू आहे. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. मग बाकीच्यांनी आत्ताच घ्यावी की त्यांच्यासाठी थांबावं? डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, पण कुणी यातून गेलंय का? सासूबाई वावडिंग द्या म्हणतात (गोड खाल्ल्याने जंत होतात हेही त्यांचंच). आणि अंगठ्यावर काही उपाय?