मदत हवी आहे: गावात पाटील कधीपासून वाढले, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आजच्या मतदार यादीत पानंच्या पानं पाटील. पण तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींत हीच घराणी जाधव म्हणून सापडतात. पणजोबांच्या नावापुढे मोडी लिपीत ‘जाधव’, तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील’! पाटीलकी एकाच घराकडे होती. भाऊबंदांनीही पुढे तेच लावलं असावं. 1962 च्या कायद्याने मुलकी (म्हणजे महसुलाचं काम पाहणाऱ्या) पाटलाचं पद गेलं, आडनाव मात्र पसरतच राहिलं. आता भावकीतली काही मुलं राजपत्रात बदल छापून परत जाधव होताहेत. मला त्याचा फार आनंद आहे.

हा बदल दर दहा वर्षांनी मांडायचा आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीवरून) हिशेब धरला तर शाळेत न गेलेले सुटतील, मुली तर जास्तच. मग 1952 च्या निवडणुकीच्या मतदार याद्या कुठे मिळतील? जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत की पुराभिलेखागारात? जुन्या फेरफार नोंदी (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या) वापराव्यात का? आपापल्या गावाचं असं काम कुणी केलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा. साताऱ्याकडे मोडी वाचणारं कुणी असल्यास तेही कळवा.