मोशीजवळ म्पिंगोची लागवड: रोपे, छाटणी आणि उत्पन्नाची अपेक्षा

मोशीकर (प्रश्न):
टांझानियात किलिमांजारोच्या दक्षिण पायथ्याशी, मोशी शहराच्या खालच्या अंगाला, आमच्या कुटुंबाकडे पट्ट्याने घेतलेली थोडी जमीन आहे. डोंगरउतारावरच्या चग्गा लोकांच्या वस्त्यांतील केळी-कॉफीची हिरवाई इथे नाही. जमीन उघडी आणि कोरडी असून पाऊस मुख्यतः मार्च ते मे या मसिकात आणि थोडाफार वर्षअखेरीच्या वुलीत पडतो. पडीक भागात म्पिंगो (आफ्रिकन ब्लॅकवुड, काळ्या गाभ्याचे लाकूड देणारे झाड) लावण्याचा विचार आहे. रोपे बियांपासून करता येतील का, खोड सरळ वाढावे म्हणून छाटणी करावी का, आणि लाकडाचे उत्पन्न किती वर्षांनी धरावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रोपमळा:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचे अवलंबून आहे. सनई-शहनाईच्या जातीची पाश्चात्त्य वाद्ये, म्हणजे क्लॅरिनेट आणि ओबो, ज्या काळ्याभोर गाभ्यापासून बनतात, तो गाभा कामाच्या जाडीचा व्हायला साधारण सत्तर ते शंभर वर्षे लागतात. तेव्हा उत्पन्नाचा हिशेब नातवंडांच्या नावे मांडावा.

रोपे बियांपासून चांगली होतात. शेंगा कागदासारख्या पातळ असतात, आपोआप तडकत नाहीत आणि एकेका शेंगेत बहुधा एक-दोनच बिया निघतात. शेंगा झाडावर तपकिरी होऊन वाळल्या की तोडाव्यात आणि बी शक्यतो ताजेच वापरावे. रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास दोन-तीन आठवड्यांत उगवण दिसू लागते. सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून पिशवी उंच घ्यावी. आखूड पिशवीत मूळ तळाशी वेटोळे घालते आणि असे रोप पुढे दुष्काळात टिकत नाही. मसिकाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे उघड्या उन्हात लावावीत, कारण दाट सावलीत म्पिंगो नुसता रखडतो.

शिसवप्रेमी (चंद्रपूर):
म्पिंगो आपल्या शिसवाच्याच, डाल्बर्जिया, प्रजातीतला आहे आणि शिसवाप्रमाणेच त्याच्या मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर होते. त्यामुळे हलक्या जमिनीत त्याला रासायनिक खताची फारशी गरज नाही. मात्र शिसवाचा उंच, सरळ बुंधा डोळ्यांपुढे ठेवून म्पिंगोकडे पाहू नये. हे काटेरी, वेडेवाकडे, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फोडणारे झाड आहे आणि उंची बहुधा पाच ते पंधरा मीटरच्या आत राहते.

छाटणीबाबत माझे मत असे की, पहिली काही वर्षे कोयता दूरच ठेवावा. खालच्या काटेरी फांद्या शेळ्यांना थोपवतात आणि मुळांनाही पोसतात. झाड डोक्याच्या वर गेल्यावर सर्वांत जोमदार धुमारा राखून बाकीचे कोरड्या हंगामात एकेक करून काढावेत. सगळे एकाच वेळी काढल्यास बुडातून पुन्हा झुंबड उठते.

दारेसलामवासी:
वरील दोघांनीही आगीचा उल्लेख केला नाही, आणि माझ्या मते तीच खरी अडचण आहे. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत गवत पेटते, कोवळे खोड जळते आणि मुळातून झाड पुन्हा फुटते खरे, पण ते झुडूप होऊनच. मोठ्या झाडाला झळ लागली तर त्या जखमेतून गाभा कुजू लागतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे खोड आतून पोकळ निघते. करवतीवर मुळातच फार थोडे लाकूड हाती लागते. बहुतेक भाग वाक, भेगा आणि पांढऱ्या सालकाष्ठापायी (सालीलगतच्या लाकडापायी) वाया जातो. म्हणून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढून दरवर्षी मेमध्ये, गवत वाळण्यापूर्वी, ती स्वच्छ करावी.

लाकूड विकण्याची वेळ आलीच, तरी तोडीला सरकारी परवाना लागतो. शिवाय डाल्बर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती जानेवारी २०१७पासून सायटिस या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण लाकडाच्या निर्यातीला कागदपत्रे लागतातच. आणि इथल्या कायद्यानुसार सरकारने दिलेला जमिनीचा हक्क फार तर ९९ वर्षांचा असतो, तेव्हा आपल्या पट्ट्याची उरलेली मुदत झाडाच्या वयाशी जुळते का, ते आधी पाहावे.

मोशीकर:
सर्वांचे आभार. मुदत झाडाला पुरणार नाही, हे आता लक्षात आले. तरीही सावली आणि जमिनीची सुधारणा यांसाठी लावण्याची इच्छा आहे. रोपे स्थानिक ठिकाणी मिळतील का?

रोपमळा:
मोशीतच सेबॅस्टियन चुवा यांनी जेम्स हॅरिस यांच्यासह १९९६मध्ये म्पिंगो संवर्धनाचे काम सुरू केले होते आणि त्यातून परिसरात पुष्कळ रोपे वाटली गेली, त्यामुळे आसपासच्या रोपवाटिकांत चौकशी करणे योग्य ठरेल. रोप घेताना पिशवीचे बूड तपासावे. मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरलेले असेल तर ते रोप घेऊ नये, कारण उपटताना सोटमूळ तुटलेले असते. पहिल्या दोन कोरड्या हंगामांत बुडाभोवतीचे गवत काढून आळे मोकळे ठेवावे, आणि वाळवीचा उपद्रव असल्यास पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला चिकटवू नये.