खेळाडू विकून विकून वर गेलेला ब्रेंटफर्ड : मार्ग बरोबर होता का?

हौन्स्लोकर :
पश्चिम लंडनच्या ब्रेंटफर्ड फुटबॉल क्लबचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, 'तो क्लब नाही, दुकान आहे.' 2025 च्या उन्हाळ्यात कोच थॉमस फ्रँक टॉटनहॅमला, फॉरवर्ड एम्ब्यूमो मँचेस्टर युनायटेडला आणि दुसरा फॉरवर्ड विसा न्यूकॅसलला गेला, तेव्हापासून तर हे जास्तच कानावर येतं. माझं मत बरोबर उलटं आहे. खेळाडू विकले म्हणूनच हा क्लब प्रीमियर लीगपर्यंत पोचला.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅथ्यू बेनमने 2012 मध्ये क्लब ताब्यात घेतला तेव्हा संघ लीग वनमध्ये, म्हणजे वरून तिसऱ्या विभागात होता. 27 एप्रिल 2013, घरचं मैदान ग्रिफिन पार्क, हंगामाचा शेवटचा सामना, समोर डॉनकास्टर. जिंकलं की प्रमोशन, म्हणजे थेट वरच्या विभागात. गोलफलक कोरा, जादा वेळ सुरू, आणि ब्रेंटफर्डला पेनल्टी! ती मारायची ठरलेली होती कॅप्टन केव्हिन ओ'कॉनरने. पण फुलहॅमकडून लोनवर आलेला तरुण मार्सेलो ट्रोटा चेंडू हातातून सोडेना. शेवटी त्यानेच मारली आणि चेंडू क्रॉसबारवर आदळला. परत आलेला चेंडू घेऊन डॉनकास्टरवाले थेट दुसऱ्या टोकाला पळाले आणि जेम्स कॉपिंजरने गोल केला. काही सेकंदांत सगळं उलटं झालं. डॉनकास्टर चॅम्पियन, आणि ब्रेंटफर्ड प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठी चार संघांच्या बाद फेरीत. तिथेही वेम्बलीवर फायनलमध्ये येओव्हिलकडून 2-1 ने हार.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकाने वर आले. त्यानंतर सात हंगाम चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात काढले आणि 2021 मध्ये प्रीमियर लीग गाठली. सर्वोच्च विभागात ते याआधी 1947 मध्ये होते. या सगळ्या काळात आंद्रे ग्रे, टार्कोव्स्की, होगन, मोपे, कोन्सा, वॉटकिन्स, बेनरामा एकेक करून विकले गेले. एक्सेटरकडून साधारण 18 लाख पौंडांना घेतलेला ऑली वॉटकिन्स तीन वर्षांनी ॲस्टन व्हिलाला 2 कोटी 80 लाखांना गेला. बारा हजार प्रेक्षकांच्या मैदानावर हा पैसा आणखी कुठून उभा राहणार होता?

कूपरेजचा प्रेक्षक :
सपशेल असहमत. विक्रीचे आकडे दिलेत, त्या विक्रीनंतर काय झालं तेही लिहा. ऑगस्ट 2015 मध्ये ग्रे बर्नलीला विकला, जानेवारीत टार्कोव्स्कीही तिकडेच गेला. त्या हंगामात चॅम्पियनशिप कोणी जिंकली? बर्नलीने. सर्वाधिक गोल कोणाचे? ग्रेचे. आणि त्याच्या आदल्या वर्षी ब्रेंटफर्ड पाचवं आलं होतं, म्हणजे प्रमोशन हाताशी होतं! ऑक्टोबर 2018 मध्ये व्हिलाने कोच डीन स्मिथ नेला आणि त्याच हंगामात व्हिला वर गेले. आपल्या पेरणीवर दोन-दोन शेजारी पीक घेऊन गेले आणि ब्रेंटफर्ड नववं, दहावं, नववं, अकरावं येत राहिलं. ही चार वर्षं चाहत्यांनी कशासाठी काढली? ज्या पोराचं नाव जर्सीवर छापून घ्यावं तो पुढच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या जर्सीत. ताळेबंद बरोबर असेल, पण माणूस मैदानावर ताळेबंद बघायला जात नाही.

हौन्स्लोकर :
ग्रेचा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. पण चॅम्पियनशिपचं अर्थकारण बघा. तिथले कितीतरी क्लब वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त पैसा नुसत्या पगारांवर घालवतात. त्यात प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबांना तीन वर्षांपर्यंत पॅराशूट पेमेंट, म्हणजे घसरणीचा फटका सोसायला लीगकडून पैसा मिळतो. 2021 मध्ये थेट वर गेलेले दोन्ही क्लब, नॉर्विच आणि वॉटफर्ड, आदल्याच वर्षी खाली आलेले होते. प्ले-ऑफच्या सेमीफायनलमध्ये भेटलेलं बोर्नमथही तसंच. त्यांच्याशी पगाराच्या बोलीत उतरायचं म्हणजे क्लब बुडवायचा. ग्रेला अडवून ठेवलं असतं तर कदाचित 2016 मध्ये वर गेलो असतो, कदाचित नसतोही. पण नाही गेलो तर 2017 मध्ये खिशात काय उरलं असतं?

आकडेमोड :
दोघेही मालकाला विसरताय. बेनम ऑक्सफर्डला फिजिक्स शिकलेला, सट्टेबाजीच्या गणितातून श्रीमंत झालेला माणूस. स्मार्टऑड्स ही त्याची कंपनी. सामन्याचा निकाल फसवा असतो, किती आणि कशा दर्जाच्या संधी निर्माण केल्या ते मोजा, हा त्याचा पाया. 2014 मध्ये त्याने डेन्मार्कचा मिडटिलँड घेतला आणि 2015 मध्ये तो क्लब पहिल्यांदा देशाचा विजेता झाला. ब्रेंटफर्डचं यश 'विकण्याचं' नाही, विकलेल्याच्या जागी कोण आणायचं हे आधीच ठरवून ठेवण्याचं आहे. खेळाडू तर सगळेच विकतात. आणि तोटा अंगावर घेणारा मालक मागे नसता तर ही पद्धत पहिल्या दोन वर्षांतच कोलमडली असती. चाहते म्हणून हे मान्य करायला जड जातं, पण आहे ते असं आहे.

म्हापशेकार :
एक वेगळा मुद्दा. तुम्ही इतकी वर्षं वाट पाहिली म्हणता, पण निदान वर जायला दार तरी होतं. आमच्या गोव्याच्या धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली, मग घसरण झाली. 2016 मध्ये दुसरा विभाग जिंकून परत यायचा हक्क मिळवला आणि त्याच वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग द गोवासोबत लीगच सोडली. कारण इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) नव्या आराखड्यात या क्लबांना जागाच नव्हती. धेंपो त्या लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये परतला तो 2024 मध्ये. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाण्याची सोय सुरू झाली 2023 मध्ये, पंजाब एफसीपासून. ब्रेंटफर्डच्या माणसांना पाचव्या अपयशानंतर सहावा हंगाम होता, आमच्या खेळाडूंना तोही नव्हता. तेव्हा नववं-दहावं येण्याचं दुःख जरा जपून सांगा, एवढीच विनंती.

कूपरेजचा प्रेक्षक :
@म्हापशेकार, तुमचं दुःख मोठं आहे, त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी.

@आकडेमोड, गणिताचा इतका विश्वास असेल तर 2020 सांगा. लॉकडाऊननंतर सलग सात विजय. शेवटच्या दोन सामन्यांपैकी एक जिंकला तरी थेट प्रमोशन होतं. स्टोककडे 1-0 ने हरले, मग घरच्या मैदानावर बार्न्सलीकडून जादा वेळेत गोल खाऊन 2-1. प्ले-ऑफ फायनलमध्ये फुलहॅमच्या जो ब्रायनने चाळीस यार्डांवरून फ्री-किक मारली. गोलकीपर राया क्रॉस येणार म्हणून पुढे सरकला होता, चेंडू त्याच्या मागून जाळ्यात. 2021 मध्ये बोर्नमथविरुद्ध दोन गोलांनी मागे होते. पेनल्टीने एक फिटला आणि अर्ध्या तासाच्या आत बोर्नमथच्या ख्रिस मेफमला लाल कार्ड. तो मेफमही ब्रेंटफर्डनेच विकलेला! याला पद्धत म्हणायचं की नशीब?

डाव्या बगलेवरून :
मेफमचा किस्सा जबरदस्त, पण मुद्दा भलतीकडे चाललाय. फ्रँकने 2018 मध्ये सूत्रं घेतली तेव्हा पहिल्या दहापैकी आठ सामने हरला. दुसऱ्या कुठल्याही क्लबात नाताळच्या आत गेला असता. इथे ठेवला. 2020 ची फायनल हरल्यावरही ठेवला. माझ्या मते सगळं यश या दोन निर्णयांत आहे, बाकी तपशील.

हौन्स्लोकर :
@डाव्या बगलेवरून, अगदी हेच मला म्हणायचं होतं, फक्त तुम्ही एका ओळीत म्हणालात.

2020 चा उन्हाळा बघा. बेनरामा, एम्ब्यूमो आणि वॉटकिन्स या तिघांमधले दोघे गेले. पण एम्ब्यूमो राहिला, राया राहिला, यान्सन आणि नॉरगार्ड राहिले, कोच राहिला. पीटरबराकडून इव्हान टोनी आणला आणि त्याने एका हंगामात 31 गोल करून चॅम्पियनशिपचा विक्रम मोडला. 29 मे 2021 ला वेम्बलीवर स्वान्सीविरुद्ध दहाव्या मिनिटाला त्याची पेनल्टी, विसाव्याला मार्कोंडेसचा गोल, 2-0. त्याआधी प्ले-ऑफमध्ये नऊ वेळा पदरी निराशा आली होती, ही दहावी खेप. नशिबाने एखादी खेप जिंकता येते, पण दर वेळी त्या दारापर्यंत जायला खिशात काहीतरी लागतंच.

कूपरेजचा प्रेक्षक :
मग हाच नियम 2015 मध्ये का नव्हता? तेव्हाचा कोच मार्क वॉर्बर्टनने पाचवं स्थान मिळवून दिलं आणि हंगाम संपायच्या आधीच जाहीर झालं की तो उन्हाळ्यात जाणार, कारण खेळाडू निवडण्याच्या पद्धतीवर मतभेद. त्याच्या जागी डायकहाउझेन आणला आणि सप्टेंबर संपायच्या आत काढला. त्यात ग्रेही गेला. म्हणजे कोच आणि स्ट्रायकर एकाच उन्हाळ्यात. 2016 मध्ये अकॅडमी बंद करून बी टीम (राखीव संघ) काढली, तेव्हा कोवळ्या पोरांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? पुढे अकॅडमी पुन्हा उघडली, पण त्या पोरांची वर्षं गेली ती गेलीच. माझी तक्रार विकण्याला नाहीच, सगळं एकदम उपसण्याला आहे. आणि 2025 मध्ये तेच केलं. कोच गेला, दोन्ही फॉरवर्ड गेले, कॅप्टन नॉरगार्डही आर्सेनलला गेला.

हौन्स्लोकर :
फरक आहे. डायकहाउझेन बाहेरून आला, त्याला संघाची माहिती नव्हती आणि संघाला त्याची. 2025 मध्ये कोच केलेला कीथ अँड्र्यूज आदल्या हंगामात तिथेच सेट-पीस (फ्री-किक, कॉर्नर वगैरे) शिकवत होता. फ्रँकही कोच होण्याआधी जवळपास दोन वर्षं डीन स्मिथचा सहायक होता. 2015 ची ठेच लागल्यावर ते हेच शिकले. अकॅडमीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालणार नाही, त्या पोरांना दिलेला शब्द पाळायलाच हवा होता.