तानसेन समारोहाला एकटीनं जायचंय, दोन दिवसांत ग्वाल्हेर कसं बसवू?

कानसेन_कोथरूड

नमस्कार मंडळी. सवाई वर्षानुवर्षं ऐकतेय, पण ग्वाल्हेर गायकीच्या गप्पा मारणारीनं ग्वाल्हेरचं स्टेशनसुद्धा पाहिलेलं नाही. या डिसेंबरात तानसेन समारोहाला जावं म्हणते. नवऱ्याला गाण्याचं वावडं, मैत्रिणींचं म्हणणं "त्यापेक्षा जयपूर करू". म्हणून एकटीच निघणार. शुक्रवारी पोहोचून रविवारी रात्री परत.

तिकीट कुठे काढायचं? रात्रीची सभा उशिरा संपली तर एकटीनं परतणं कितपत बरं? सगळ्या सभा, किल्ला, जयविलास राजवाडा आणि सरोद घराचं संग्रहालय एवढं बसेल का? वय ४६, चालायला कंटाळत नाही. तिथल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

लष्करवाली

ताई, मी जन्मापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, म्हणून हक्कानं सांगते. "सगळ्या सभा" हे आधी डोक्यातून काढा. सकाळची सभा दहाच्या सुमारास बसते, संध्याकाळची सहाला, आणि रात्रीची कधी उठेल ते गाणाऱ्यावर. दोन दिवस सगळं ऐकायला बसलात तर दुसऱ्या संध्याकाळी तंबोरा जुळतानाच डोळा लागेल.

तिकीट नाही, प्रवेश मोफत. सरकारी कार्यक्रम आहे. तारखा दरवर्षी हलतात आणि पत्रिका उशिरा येते, त्यामुळे गाडीचं आरक्षण आधी आणि कलाकारांची नावं नंतर अशी मनाची तयारी ठेवा. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला येते. परतीची गाडी मात्र उत्तरेकडून येणार. धुकं पडलं की ती किती तास लटकेल ते सांगता येत नाही. सोमवारी दुपारी ऑफिसात मीटिंग वगैरे ठेवूच नका.

माझं ऐकाल तर सकाळची सभा चुकवू नका, रात्रीची अर्धी सोडा. तुमच्याकडे मैफली बहुतेक संध्याकाळच्या. तोडी, देसी, आसावरी हे सकाळचे राग आपापल्या वेळेला ऐकायचा योग कितीसा येतो? इथे कोवळ्या उन्हात शाल गुंडाळून बसायचं. समोर तानसेनाची समाधी, साधीच, खांबांवरची छत्री. तिच्यापुढे सूफी संत महंमद गौसांचा मकबरा केवढा मोठा, आणि त्याच्या दगडी जाळ्या तर बघत राहाव्यात अशा. गुरू कोण नि शिष्य कोण, हे कोणी न सांगता कळतं. अशा जागी कोणी बिलासखानी तोडी काढली तर काय होतं ते तुम्हीच बघा. बिलासखाँ तानसेनाचा मुलगा, बापाच्या कलेवरापुढे त्यानं ती गायली अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्या आवारात बसून खोटी वाटत नाही.

तिथली चिंच दिसेलच. पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून जुन्या झाडाची लोकांनी पार वाट लावली, हल्लीचं झाड नंतरचं आहे. तुम्ही पाला ओरबाडू नका एवढी विनंती.

पहिल्या दिवशी येणं जमलं तर सकाळी लवकर पोहोचा. सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन) आणि समाधीवर चादर. एकाच आवारात कीर्तन आणि मिलाद, आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. बाहेरची माणसं फोटो काढत सुटतात.

राहायला पडाव किंवा फूलबागेकडे बघा, लष्करात नको. (स्वतःच्या मोहल्ल्याविरुद्ध बोलतेय, पण रात्री हजिऱ्याहून, म्हणजे समाधीच्या भागातून, लष्कर लांब पडतं.) सभेत बायका भरपूर असतात, तिथे काही भीती नाही. परतताना मात्र रस्त्यावर उभ्या राहून ई-रिक्षाशी घासाघीस नको. हॉटेलातूनच येण्याजाण्याची गाडी ठरवा, चालकाचा नंबर जवळ ठेवा आणि साडेदहाला उठा. एकटीचा हाच तर फायदा, "आणखी एक ऐकू" म्हणत हात धरून बसवणारं कोणी नाही. फक्त आलाप चालू असताना उठू नका, दोन कलाकारांच्या मधे निघा.

आणि ठंडी! पारा पाच-सहापर्यंत उतरतो, मंडप उघडा. पुण्याच्या स्वेटरचं इथे काही चालत नाही. कानटोपी, मोजे, जाड शाल.

राजवाडा_ते_सराफा

इंदूरहून जाऊन आलोय. लष्करवाली ताईंनी बेहटचं नावच घेतलं नाही! तानसेनाचं जन्मगाव, तिथेही समारोहाची एक सभा होते. कललेलं शिवमंदिर आहे, तानसेनाच्या तानेनं वाकलं म्हणतात. चुकवू नका. खाण्याचं म्हणाल तर ग्वाल्हेरच्या पोह्यांच्या नादी लागू नका, ते आमच्याकडेच या.

लष्करवाली

दादा, बेहट पंचेचाळीसेक किलोमीटर. दोनच दिवस हातात असताना अख्खी सकाळ त्यात जाते. ज्याला चार दिवस आहेत त्यानं जरूर जावं. पोह्यांवर वाद नाही घालत. आम्ही सकाळी बेडई आणि बटाट्याची रस्सेदार भाजी खातो, वर जिलबी. पोहे खायला ग्वाल्हेरला यावंच कशाला?

कानसेन_कोथरूड

किती छान लिहिलंत! मग दोन सभांच्या मधली दुपार कशी घालवू? किल्ला आणि जयविलास एकाच दुपारी होईल का?

लष्करवाली

नाही होणार. जयविलास सोडा. साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, एवढं ऐकून माहीत असेलच. गाणं ऐकायला आलेल्या माणसानं किल्ला करावा.

एका दुपारी सभा सुटली की थेट ग्वाल्हेर गेट. पायथ्याशी गुजरी महाल, मानसिंह तोमरानं राणीसाठी बांधलेला. गुजरी तोडीचं नाव तिच्याशीच जोडतात. आत संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती बघायची असेल तर तिथल्या माणसाला विचारा, कुलपात असते. मग चालत वर. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एका शिळेतून कोरलेलं, एवढंसं. इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेत. बहुतेक लोक धापा टाकत पुढे निघून जातात, तुम्ही थांबा. वर मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळी बदकं आहेत. राजवाड्यावर बदकं काढणारा राजा मला फार आवडतो. याच मानसिंहाच्या दरबारात धृपदाला बळ मिळालं.

दुसरी दुपार लष्करात. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली ती उठलीच नाही, म्हणून हे लष्कर आणि म्हणून आम्ही इथे. महाराज बाड्यावर उभ्या राहून चारी बाजूंच्या इमारती बघा, एकीचा घाट दुसरीला नाही. मग जिवाजी गंजात सरोद घर, सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर. गायक कृष्णराव शंकर पंडितही याच लष्करातले. माझे वडील त्यांना समोर बसून ऐकलेले, त्यामुळे आमच्या घरी दुसऱ्या कुणाच्या तानेचं कौतुक करायची सोय नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले तेही इथेच, वासुदेवबुवा जोश्यांकडे. तुमच्याकडे जे ग्वाल्हेर गाणं पोहोचलं ते पुष्कळसं त्या वाटेनं. गल्लीबोळात मराठी पाट्या दिसतील. कुणाला मराठीत पत्ता विचारून बघा, हिंदीत बुडवलेलं मराठी उत्तर येईल, हसू नका.

मध्यलय

एक भर. ध्वनिव्यवस्था बरी असते, पण पुढे बसलं की फोटोवाले सारखे आडवे येतात. मागे, बाजूला बसा. आणि समारोहाच्या आदल्या संध्याकाळी 'गमक' असतो, तो सुफी-सुगम ढंगाचा. शास्त्रीयच ऐकायचं असेल तर त्यासाठी एक दिवस आधी येऊ नका.

कानसेन_कोथरूड

ठरलं. दोन्ही सकाळच्या सभा, शनिवारी किल्ला, रविवारी लष्कर, रात्री साडेदहाला उठायचं. परतीचं आरक्षण रविवारऐवजी सोमवारचं करते आणि मंगळवारचीही रजा टाकते. गजक कुठली घेऊ?

लष्करवाली

मुरैन्याची, तिळाची, गुळातली. बाड्याजवळ ताजी मिळते. परतीच्या दिवशीच घ्या, आणि डबा स्वतःच्या हातात धरा, बॅगेत कोंबलात तर पुण्यात चुरा निघेल.