मदत हवी आहे : दोन दिवसांत स्वीकारलेला शोधनिबंध मागे कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी मराठीत पीएच.डी. करतेय, विषय जात्यावरच्या ओव्या. आजी आणि तिच्या वयाच्या बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या आणि त्यावरचा पहिला शोधनिबंध एका नियतकालिकाला पाठवला. दोन दिवसांत स्वीकृतीपत्र! परीक्षण म्हणून एकच ओळ, 'लेख चांगला आहे.' खाली अडीच हजार रुपयांसाठी क्यूआर कोड. मुखपृष्ठावर 'यूजीसी केअर' असं ठळक छापलंय, पण मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली ना? आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या पोर्टलवर बघितलं तर त्यांचा क्रमांक भलत्याच नियतकालिकाचा निघाला.

पैसे भरले नाहीत, पण कॉपीराइटचा फॉर्म सही करून पाठवून बसलेय. लेख मागे घेतल्याचं ईमेलने कळवलं तर पुरेल का? आणि त्यांनी तरीही छापलाच, तर दुसरीकडे देताना संपादकांना काय सांगायचं?

लोकसाहित्यावरचे लेख खरोखर तपासून घेणारं मराठी नियतकालिक माहीत असेल तर कृपया सुचवा. वर्ष लागलं तरी चालेल. ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघी आता राहिल्या नाहीत, त्यांचे शब्द असे कुठेही छापले जायला नकोत.